वर दोन जिने होते

वाचकाचं पत्र:

"ताई, नमस्कार. मी नागपूरची, प्रतापनगरात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून गेल्या वर्षी रिटायर झाले. मुलगी सव्वीस वर्षांची, मिहानमध्ये नोकरीला आहे. तिच्यासाठी स्थळं पाहणं सुरू आहे. एप्रिलमध्ये तिने एक कादंबरी आणून दिली. म्हणाली, 'आई, सध्या सगळ्या हीच वाचून राहिल्या, तूपण वाच.' प्रेमकथा आहे. नायक मोठ्या हॉटेलांचा मालक, नायिका त्याच्याकडे कामाला. तो चारचौघांत तिला टाकून बोलतो, आठ-आठ दिवस तोंड उघडत नाही, तिने मेहनतीने उभं केलेलं काम दुसऱ्याला देऊन टाकतो. शेवटी कळतं की लहानपणी आई सोडून गेली म्हणून तो असा झाला, आणि प्रेम तर त्याचं पहिल्या दिवसापासून होतं. एका प्रसंगात ती तापाने फणफणलेली, खोलीत एकटी. हा चार दिवस साधा फोन करत नाही. मग त्याचा ड्रायव्हर तिला सांगतो, मॅडम, साहेब त्या रात्री तुमच्या बिल्डिंगखाली गाडीत बसून होते, पहाटेपर्यंत. या पानावर मुलगी रडली, तिच्या मैत्रिणीही म्हणे रडल्या. मला इतका संताप आला की मी पुस्तक दिवाणावर फेकलं. वर दोन जिने होते हो! चढून का नाही आला?

यावरून आमचं वाजलं. मुलगी म्हणाली, 'किती जजमेंटल होऊन राहिलीस तू आई, त्याचं दुःख तर बघ.' दोन दिवस अबोला होता.

आता खरं सांगते. 1996 साली माझं पहिलं मूल पोटातच गेलं, सहाव्या महिन्यात. मी तीन दिवस दवाखान्यात होते. आमचे हे दोन्ही वेळ डबा आणायचे, सिस्टरच्या हातात द्यायचे आणि व्हरांड्यातूनच परत जायचे. आत एकदाही आले नाहीत. घरी आल्यावरही तो विषय निघाला नाही, आजवर नाही. बऱ्याच वर्षांनी मोठ्या नणंदबाईंनी सांगितलं, 'अगं, तो व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून रडत होता.' तेव्हा मी मनातून त्यांना माफ केलं असं मला वाटलं होतं. माणूस वाईट नाही. कधी हात उचलला नाही, पगार हातात आणून दिला, मुलीच्या शिक्षणात काही कमी पडू दिलं नाही. लहानपणी वडील गेले, म्हणून स्वभाव अबोल, असं सगळे सांगत आले आणि मीही मुलीला तेच सांगत आले.

कागदावरच्या माणसाला माफ करता येत नाही, म्हणजे माझ्यात काही कमी आहे का? मुलीला असा नायक आवडतो याची काळजी करू का? आणि हे मुलीशी बोलू, ह्यांच्याशी बोलू, की कोणाशीच नको?"

ताई,

तुमच्यात काहीही कमी नाही. ते पान तुम्ही नीट वाचलंत, म्हणून तुम्हाला राग आला. तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्या पानातच आहेत, म्हणून आधी तिथेच थांबू या.

रात्रीची वेळ आहे. नायिकेला ताप आहे. घरात पाणी द्यायला कोणी नाही, कपाळावर पट्टी ठेवायला कोणी नाही. खाली एक माणूस गाडीत जागा आहे, हे तिला ठाऊकच नाही. तिच्या दृष्टीने ती रात्र जशी गेली तशीच गेली, एकटीची. त्या बसण्याने जो काही धीर मिळाला असेल तो त्याला मिळाला. तिचा ताप त्याने अर्ध्या डिग्रीनेही उतरला नाही. पुढे ही गोष्ट तिला कळते, तीसुद्धा त्याच्या तोंडून कळत नाही, ड्रायव्हर सांगतो. 'मी वर यायला हवं होतं' हे वाक्य त्या माणसाने म्हणायला हवं होतं. ते पुस्तकात कुठेच नाही. त्या जागेवर ड्रायव्हरची हकीकत आली, त्यामागून आई सोडून गेल्याचं दुःख आलं आणि नायिकेने डोळे पुसले. लेखिकेने माफीच्या जागी कारण ठेवलं आणि वाचकांनी ते माफी म्हणून चालवून घ्यावं अशी अपेक्षा केली. तुम्ही ते चालवून घेतलं नाहीत.

ते कारण खोटं आहे असं मी म्हणत नाही. ज्या मुलाला आई टाकून गेली त्याच्याविषयी कुणाच्याही पोटात कालवेल. पण तो असा का वागला हे कारणातून कळतं, इतकंच. जिच्याशी तो तसा वागला तिच्या वाट्याला आलेली रात्र त्याने बदलत नाही. आणि तो यापुढे कसा वागेल याची खात्रीही त्यातून मिळत नाही. आपल्या घरांमधून या दोन गोष्टींची फार गल्लत होते. कारण कळलं की हिशेब मिटला, असं धरून चालतात सगळे.

मग इतक्या मुली त्या पानावर का रडल्या? त्यांना अक्कल नाही असं अजिबात नाही. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1984 साली 'रीडिंग द रोमान्स' नावाचं पुस्तक लिहिलं. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका गावात, पुस्तकाच्या एका दुकानात येणाऱ्या आणि अशा प्रेमकथा भरभरून वाचणाऱ्या बायकांशी त्या बोलल्या. त्या बायकांनी सांगितलेली पहिली गोष्ट कोणत्याही गृहिणीला पटेल: दिवसभर घर माझ्याकडे मागत असतं, पुस्तक हातात घेतलं की तेवढा वेळ माझा. दुसरं, त्यांना क्रूर नायक आवडत नसत. ज्याच्या कडकपणाखाली हळवेपणा असेल, असा माणूस त्यांना हवा असायचा. यावरून रॅडवेबाईंनी जे मांडलं ते तुमच्या पत्राशी थेट येऊन भिडतं. त्या म्हणतात, या कादंबऱ्यांची रचनाच अशी असते की नायकाच्या सुरुवातीच्या तुसडेपणाला शेवटी दुसरा अर्थ मिळतो. तो तिला लागेल असं बोलला ते प्रेमाच्या भीतीने, गप्प राहिला तो प्रेमापोटी. मागचं सगळं वागणं नव्या अर्थाने पुन्हा वाचायचं काम नायिकेवर येतं, आणि तिच्याबरोबर वाचणारीवरही.

ताई, हे काम तुम्ही तीस वर्षं केलंय, आणि तेही खऱ्या घरात. तोंडातून शब्द येत नव्हता, म्हणून डब्यातून वाचलंत. डब्यात गरम पोळी होती, म्हणजे काळजी आहे. पगार न मागता हातात येतो, म्हणजे मान आहे. नणंदबाईंनी व्हरांड्यातली गोष्ट सांगितली, तीही तुम्ही जपून ठेवलीत आणि तिच्यावर पुढची वर्षं काढलीत. निवृत्त होऊन जरा निवांत झालात, भर उन्हाळ्यात दुपारी कूलरसमोर पुस्तक घेऊन बसलात, तर तेच काम पुन्हा समोर आलं. पुन्हा एक माणूस बाहेर बसलेला, पुन्हा तिसऱ्याच कुणीतरी येऊन त्याचं प्रेम सांगितलेलं. ड्रायव्हरच्या जागी नणंदबाई ठेवून बघा. तुम्ही फेकलंत ते फक्त पुस्तक नव्हतं, हे तुम्हालाही कळलंय, म्हणून तर पत्राचा दुसरा अर्धा भाग लिहिलात.

इथे मी नायकांची बाजू घेणार आहे, कारण मला सदोष नायक मनापासून आवडतात. ज्याच्यात खोट नाही अशा माणसाची कादंबरी मी दहा पानांपुढे वाचत नाही. प्रश्न दोषाचा नाहीच. दोष कळल्यावर पुस्तक त्या माणसाला काय करायला लावतं, याचा आहे.

जेन ऑस्टिनचा डार्सी बघा. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' 1813 मध्ये आलं, आणि आजच्या बहुतेक घमेंडी श्रीमंत नायकांचं मूळ त्याच्यात सापडतं. तोही पहिल्याच भेटीत नायिकेबद्दल तिला ऐकू जाईल असं वाईट बोलतो. लग्नाची मागणी घालतो तीसुद्धा तिच्या घराण्याला कमी लेखत. नायिका एलिझाबेथ त्याला तोंडावर नकार देते आणि तो का, हेही सांगते. त्यानंतरची अर्धी कादंबरी त्याच्या बदलाची आहे. तिच्या धाकट्या बहिणीच्या पळून जाण्याने घराची अब्रू जायची वेळ येते, तेव्हा तो गुपचूप पैसे भरून ते निस्तरतो आणि आपलं नाव कुठे येऊ नये अशी व्यवस्था करतो. तिच्याकडे पुन्हा येतो तेव्हा म्हणतो की तुझं मन तेव्हासारखंच असेल तर एका शब्दात सांग, मी हा विषय पुन्हा काढणार नाही. तोही आपल्या लहानपणाबद्दल बोलतो. आईवडिलांनी लाडावून ठेवलं, स्वतःपुरतं बघायला शिकवलं, असं सांगतो. पण हे तो कधी सांगतो? बदलून झाल्यावर, आणि स्वतःची चूक कबूल करताना. 'म्हणून मला समजून घे' असा त्याचा सूर नसतो.

त्याहून जास्त मला जेन आठवली, तुमचं पत्र वाचताना. शार्लट ब्राँटीच्या 'जेन एअर'मधली, 1847 सालची. नायक रॉचेस्टरने पहिली बायको वेडी झाली म्हणून वरच्या मजल्यावर कोंडून ठेवलेली आहे आणि जेनला अंधारात ठेवून तो तिच्याशी लग्न करायला निघालाय. ऐन लग्नात ते उघडं पडतं. मग तो तिला सगळी कहाणी सांगतो: बापाने आणि भावाने तीस हजार पौंडांच्या हुंड्यासाठी आपल्याला कसं जमैकाला पाठवलं, मुलीची नीट ओळखही न होता लग्न कसं लावलं, पुढची वर्षं कशी गेली. कारण भक्कम आहे. जेन ते सगळं ऐकते. तिला त्याची कीव येते, मनातल्या मनात ती त्याला माफही करते. आणि पहाटे उठून घर सोडते. खिशात जेमतेम पैसे, तेही प्रवासात संपतात, माळरानावर उपाशी भटकते, पण परत जात नाही. परतते ती फार पुढे, काकाकडून आलेला स्वतःचा पैसा हाती असताना. तोवर आग लागून त्याचं घर जळून गेलंय, आगीतून माणसं बाहेर काढताना त्याची दृष्टी आणि एक हात गेलाय, आणि आपण चुकलो हे तो स्वतःच्या तोंडाने म्हणतो.

तुम्ही नणंदबाईंचं ऐकून मनातून माफ केलंत आणि तरी आत काहीतरी अडकून राहिलं, याचा तुम्हाला दोष वाटतो. जेनला तसा दोष वाटला नाही. माफी एका जागी होती, आपल्याला काय हवंय हे दुसऱ्या जागी होतं. घर सोडा असं मी सुचवत नाहीये, तुमच्या पत्रात तसं काही नाही. माफ केल्यावरही मागणं शिल्लक राहू शकतं, एवढंच सांगायचंय.

आपल्याकडची 'ययाति'ही तुमच्या शाळेच्या कपाटात असणारच. वि. स. खांडेकरांची 1959 सालची कादंबरी, आणि मराठीला पहिलं ज्ञानपीठ 1974 मध्ये मिळालं ते खांडेकरांना. ययातीइतका घसरलेला नायक मराठीत शोधून सापडणार नाही, पोराचं तारुण्य मागून घेणारा बाप तो. पण आपली हकीकत तो आपल्या तोंडाने सांगतो, दुसऱ्याकडून सांगवत नाही. आणि गोष्ट त्याच्या एकट्याच्या ताब्यातही नाही. देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते, त्याच्यामुळे काय भोगलं ते भोगणारीच सांगते. तुमच्या घरातल्या 1996 च्या गोष्टीत तुमच्या यजमानांनी एक शब्द उच्चारलेला नाही आणि तुम्हीही नाही. बोलल्या त्या फक्त नणंदबाई.

आता मुलीचं. नायक आवडला म्हणून ती तसाच नवरा निवडेल, असं होत नसतं. प्रेमकथा वाचणारीला पहिल्या पानापासून माहीत असतं की शेवट गोड आहे. त्या भरवशावर ती त्याचा तुसडेपणा मजेत सोसते. तुम्हाला वाचताना तो भरवसा नव्हता, कारण तुम्ही ते पान आयुष्यातून वाचलंत आणि आयुष्यात शेवटचं पान आधी बघता येत नाही. तिच्या अश्रूंवर रागावू नका. पण एक गोष्ट सांगते, ती जरा बोचेल. 'त्याचं दुःख तर बघ' हे वाक्य ती कुठे शिकली असेल? लहानपणापासून तिने घरात ऐकलंय की बाबांचा स्वभावच तसा, त्यांना वडील नव्हते ना. तुम्ही ते चांगल्या मनाने सांगितलंत, बापाबद्दल लेकीच्या मनात कडवटपणा राहू नये म्हणून. बहुतेक आया हेच करतात. त्यातून मुलीला एवढं कळलं की माणूस गप्प असला की त्याच्यामागचं दुःख शोधायचं असतं आणि ते शोधण्याची जबाबदारी बाईची असते. तिच्या हातात नुसता त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग द्यायचा राहिलाय: 'त्यांना वडील नव्हते हे खरं, आणि तरी मला ते हवे होते हेही खरं.'

तिच्याशी बोलताना तो नायक वाईट आहे असं सुरू करू नका, ती लगेच त्याची वकिली करायला लागेल. पुस्तक उघडून ते पान समोर ठेवा आणि विचारा, तुला ताप असता तर तुला तो खाली हवा होता की वर? उत्तर ती स्वतःच देईल. त्याच बोलण्यात दुसरी बाजूही येऊ द्या. बिल्डिंगखाली रात्ररात्र बसणं पुस्तकात गोड वाटतं, पण मुलीने स्पष्ट नको म्हटल्यावरही कोणी वारंवार तिच्या मागे फिरत असेल, गाठायचा प्रयत्न करत असेल, तिच्या फोनवर किंवा इंटरनेटवर पाळत ठेवत असेल, तर तो गुन्हा आहे. 2013 पासून भारतीय दंड संहितेत तो 354ड कलमाखाली होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत कलम 78 आहे, आणि पहिल्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सव्वीस वर्षांच्या, नोकरीसाठी रोज मिहानपर्यंत जाऊन येणाऱ्या मुलीला हे ठाऊक असलेलं बरं.

स्थळं बघताय, तर एक प्रश्न तिच्या हाती द्या. पत्रिका, पॅकेज, फ्लॅट ही चौकशी तुम्ही कराल. ती मुलाला धरमपेठेत कुठे कॉफीला भेटेल तेव्हा तिने विचारावं, 'तुझं घरात किंवा मित्राशी शेवटचं मोठं भांडण कधी झालं, आणि ते मिटलं कसं?' 'मी फोन केला, म्हटलं माझं चुकलं' असं सांगणारा मुलगा आणि 'मिटलं असंच, आमच्यात सॉरी-बिरी नसतं' असं हसून सांगणारा मुलगा, यांच्यातला फरक तिला लगेच कळेल. दुसऱ्याला लगेच नापास करायची गरज नाही, पण पुढच्या भेटीत लक्ष ठेवावं.

यजमानांकडे येण्याआधी थोडं इतर वाचकांसाठी, कारण हे पत्र छापल्यावर माझ्याकडे काय येईल ते मला माहीत आहे. या ताईंच्या पत्रात भीती कुठे दिसली नाही, म्हणून मी त्यांना बोलून बघा म्हणते आहे. ज्यांच्या घरात माणूस गप्प बसतो आणि मग हात उगारतो, पैसे अडवतो, रात्रंदिवस पाणउतारा करतो, त्यांना हा सल्ला लागू नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा शिवीगाळ, मानसिक छळ आणि आर्थिक कोंडी यांनाही हिंसाच मानतो. 181 ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, तातडीच्या वेळी 112. कारणं ऐकत बसू नका.

आता तुमचे हे. त्यांच्या बाजूने जे म्हणता येईल ते आधी म्हणते. त्यांचंही मूल गेलं होतं. त्या काळात अनेक दवाखान्यांत बायकांच्या वॉर्डात पुरुषांना फारसं थांबू देत नसत. घरातल्या थोरल्या बायकाही 'तू बाहेर थांब, हे बायकांचं आहे' म्हणून त्यांना लांब ठेवायच्या. बापाला रडायला जागाच नव्हती. व्हरांड्यातली भिंत मिळाली, तिच्याकडे तोंड करून ते रडले. ते रडणं खरं होतं आणि तुम्ही ते खरं मानलंत, यात तुमचं काही चुकलं नाही. आणि तरी, ताई, दरवाजा पाच पावलांवर होता. तुम्ही आत पडून होतात. दोन्ही खरं आहे, आणि तुम्ही आजवर त्यातलं पहिलंच मोठ्याने म्हटलंय.

म्हणून बोला. जेवताना नको, टीव्हीसमोर नको, मुलीसमोर तर नकोच. ऊन उतरलं की दोघं फुटाळ्याला नाहीतर अंबाझरीला चालायला जा. समोरासमोर बसवून विचारलं की अशी माणसं मिटून जातात. शेजारी चालताना, दोघांची नजर तलावाकडे असताना, त्यांना बोलणं सोपं जातं. दोनच वाक्यं बोला: 'शहाण्णव साली तुम्ही आत आला नाहीत. मला तुम्ही हवे होते.' 'का आला नाहीत' असं विचारू नका. का विचारलंत की तुम्हाला पुन्हा कारण मिळेल, आणि कारणं तुमच्याकडे भरपूर साठली आहेत.

पुढे काय होईल? कदाचित ते म्हणतील, 'आता ते कशाला उकरून काढतेस?' तेव्हा भांडू नका, 'उकरत नाहीये, ते वरच आहे, रोज दिसतं मला' एवढं म्हणा आणि चालत राहा. कदाचित काहीच बोलणार नाहीत. तीस वर्षांची सवय एका संध्याकाळीत सुटत नाही. त्या गप्प बसण्याचा अर्थ लावायला मात्र बसू नका. हे काम तुम्ही आता सोडायचं आहे. परत येताना त्यांनी तुमच्यासाठी पाण्याची बाटली विकत घेतली, तर ती पाण्याची बाटली आहे. हवं ते मागा, स्पष्ट आणि लहान. 'पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाईन तेव्हा तुम्ही आत माझ्या शेजारी बसायचं, बाहेर बाकावर नाही.' हे त्यांना जमण्यासारखं आहे. ज्यांना मनातलं बोलता येत नाही अशा पुष्कळ पुरुषांना सांगितलेली गोष्ट करता येते, फक्त ती कोणी सांगितलेली नसते.

आणि त्या बाळाविषयी एकदा तरी दोघांनी मिळून बोला. सहा महिने तुम्ही दोघांनी त्याची वाट पाहिली होती. त्याचं नाव मनात काय ठरवलं होतं, कोणाला काय हवं होतं, एवढं जरी निघालं तरी चालेल. हे बोलताना जुनं दुःख अंगावर आलं, झोप उडाली, दिवस दिवस रडू थांबलं नाही, तर एकटीने सोसू नका. 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी नंबर 2022 पासून चोवीस तास सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

कोणाशी आधी बोलू, असं तुम्ही विचारलंय. आधी यजमानांशी. मुलीशी आधी बोललात तर ती बापाकडे जाईल, 'बाबा, आईला असं वाटून राहिलं' म्हणून सांगेल, आणि पुन्हा एकाचं मन दुसऱ्याच्या तोंडून कळेल. हे या घरात एकदा होऊन गेलंय. तुमचं वाक्य तुमच्या तोंडून त्यांच्या कानावर जाऊ द्या. मुलीला ते पान दाखवायला पुढचा आठवडाही चालेल.